सांगलीत ‘नंबर’ कसा ऐकायचा: नव्यानं येणाऱ्यांसाठी

विश्रामबागेत माझी खानावळ आहे. दरवर्षी जून-जुलैत नवी पोरं ताटावर येतात. कुणी यवतमाळचं, कुणी रत्नागिरीचं, कुणी बँकेत बदली होऊन आलेलं. सगळ्यांना मराठी येतं, तरी पहिला महिना त्यांची ओढाताण होते. ‘लय’, ‘गावलं’, ‘व्हय’ हे शब्द ती विचारून घेतात. ‘नंबर’ मात्र कुणी विचारत नाही. इंग्रजी शब्द आहे, शाळेपासून येतो, त्यात विचारायचं काय, असं वाटतं. आणि घोटाळा नेमका तिथंच होतो.

मागच्या पावसाळ्यात यवतमाळच्या एका पोराला सणकून ताप आला. त्याला मिरजेच्या एका दवाखान्यात पाठवलं. तिथल्या बाईंनी विचारलं, “नंबर लावलाय का?” त्यानं काउंटरवरच्या कागदावर आपला मोबाईल नंबर लिहिला होता, म्हणून तो “हो” म्हणाला आणि बाकावर बसून राहिला. मागून आलेली माणसं आत जाऊन बाहेर पडत होती. दीडला डॉक्टर जेवायला उठले, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपलं नाव वहीत नाहीच. तसाच तापानं फणफणत तो परत आला. त्या दिवशी मऊ भात खाऊ घालून मी त्याला हा शब्द समजावला. तेच इथं नीट लिहिते आहे, म्हणजे तुमची अशी सकाळ जायची नाही.

आधी क्रियापद ऐका

आमच्याकडं नुसता ‘नंबर’ काहीच सांगत नाही. अर्थ असतो तो त्याच्या मागून येणाऱ्या क्रियापदात. म्हणून ‘नंबर’ कानावर पडला की तिथंच थांबू नका, वाक्य पुरं होऊ द्या.

‘नंबर लावणं’ हे तुमचं काम. रांगेत आपली जागा पक्की करायची. दवाखान्यात वहीत नाव लिहून, सलूनमध्ये “माझा नंबर धर रे” असं सांगून, टँकर येतो तिथं घागर ठेवून. ‘नंबर येणं’ म्हणजे त्या जागेची वेळ होणं. “तुमचा नंबर आला” म्हटलं की उठायचं. शाळेच्या बोलण्यात मात्र तेच क्रियापद गुणवत्तेचं होतं. “पोरीचा पहिला नंबर आला” म्हणजे ती वर्गात पहिली आली. ‘नंबर काढणं’ हे बहुतेक वेळा चष्म्याचं असतं, डोळे तपासून काचेचा नंबर ठरवणं. आणि ‘नंबर डावलणं’ म्हणजे तुमची पाळी असताना दुसऱ्याला पुढं घेणं. या शब्दावरनं आमच्याकडं भांडणं होतात, तो हलक्या हातानं वापरू नका.

खरी कसोटी ‘लागणं’ची. पोलीस भरतीच्या यादीत नाव आलं की “नंबर लागला”. कॉलेजला प्रवेश मिळाला तरी “नंबर लागला”. भिशीच्या चिठ्ठीत नाव निघालं तरी तेच, आणि डोळ्याला चष्मा आला तरी “नंबर लागला”. फोन जात नसला की “नंबर लागेना”.

माझ्या हाताखाली कवठेमहांकाळकडच्या एक बाई आहेत. एकदा लातूरहून एका पोराच्या आईचा फोन आला, तो त्यांनी घेतला. ती माउली म्हणत होती, “पोराचा नंबर लागत नाही हो, सकाळपासून.” आमच्या बाईंनी ऐकलं आणि तिला धीर द्यायला सुरुवात केली, “लागंल की ताई, पुढच्या यादीत लागंल, जीवाला लावून घेऊ नगा.” पोरगं वरच्या खोलीत झोपलं होतं, फोनची बॅटरी संपली होती. दोघीही मराठीच बोलत होत्या आणि दोघींचंही बरोबर होतं.

इतक्या वर्षांत माझ्या ध्यानात आलेली खूण सांगते. “लागत नाही”, “लागेना” असं आत्ताचं, चालू असलेलं बोलणं असलं तर बहुतेक फोन समजा. “लागला” किंवा “लागला नाही” असं होऊन गेलेलं असलं तर निवड, प्रवेश, भरती. आणि बोलणाऱ्याचा हात डोळ्याकडं गेला तर चष्मा. शंभरातल्या नव्वद वेळा एवढ्यानं भागतं. उरलेल्या वेळी “कशाचा?” म्हणून विचारा, कुणी हसत नाही.

एक उच्चाराचं. गावाकडच्या जुन्या माणसांच्या तोंडी हा शब्द ‘लंबर’ होतो. “लंबर लावलाय का?” ऐकून गोंधळू नका, आणि ते शब्द चुकवतायत असं समजून त्यांना दुरुस्तही करू नका. या भागात शब्द तसाच रुळलाय.

‘एक नंबर’ आणि ‘एक नंबरचा’

हे तुम्हाला पहिल्याच दिवशी ऐकू येईल. पोरं जेवून उठताना म्हणतात, “रस्सा एक नंबर झालाय मावशी!” याच्यावर दुसरं कौतुक नाही. माणूस, गाडी, पाऊस, बैलजोडी, भाषण, सगळ्याला चालतं. नुसतं “एक नंबर!” म्हणून बोलणं संपवलं तरी वाक्य पूर्ण होतं.

पण त्याला ‘चा’ जोडला की जपून. “एक नंबर माणूस” म्हणजे सोन्यासारखा माणूस. “एक नंबरचा” म्हटलं की पुढं बहुतेक वेळा वाईट शब्द येतो: एक नंबरचा खोटारडा, एक नंबरचा आळशी, एक नंबरची भांडखोर. म्हणजे दुर्गुणात पहिला. कोकणातल्या एका मुलानं घरमालकांना प्रेमानं म्हटलं, “तुम्ही एक नंबरचे आहात काका.” काका पुढच्या शब्दाची वाट बघत थांबले, चेहरा उतरलेला. पोराच्या मनात वाईट काही नव्हतं, पण ‘चे’नं काम बिघडवलं. कौतुक करायचं असेल तेव्हा ‘चा-ची-चे’ गाळा.

याला दोन अपवाद आहेत. एक म्हणजे बाजारातला माल, त्याचं पुढं सांगते. दुसरा कुस्तीचा. जत्रेच्या मैदानात ‘एक नंबरची कुस्ती’ म्हणजे सगळ्यांत मोठ्या इनामाची, शेवटी लागणारी जोड. त्याखाली दोन नंबरची, तीन नंबरची. पलूस तालुक्यातलं कुंडलचं मैदान नावाजलेलं आहे, तिथं गेलात तर हे शब्द सतत कानावर पडतील. “एक नंबरला कोण हाय?” असा प्रश्न आला तर तो सगळ्यांत चांगला पैलवान कोण असं विचारत नसतो, शेवटची जोड कुणाची ते विचारतो.

कुस्तीवरनं आठवलं. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीला ब्राँझ पदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. हिशेबानं तिसरा नंबर. पण कराडच्या बाजूला खाशाबांचं नाव निघालं की त्यांच्या कामगिरीला लोक ‘एक नंबर’च म्हणतात. आलेला नंबर आणि दिलेला नंबर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यावरनं चांगलं कळतं.

दोन नंबरला घाबरू नका

शहरातनं आलेल्या माणसाला ‘दोन नंबर’ म्हटलं की काळा पैसा आठवतो. तो अर्थ आमच्याकडंही आहे. दोन नंबरचा धंदा म्हणजे बेकायदा धंदा, दोन नंबरचा पैसा म्हणजे हिशेबाबाहेरचा. पण रोजच्या बोलण्यात हा अर्थ कमी येतो.

जास्त वेळा काय येतं, तर क्रम. “आमची दोन नंबरची सून शिक्षिका आहे” म्हणजे मधली, दुसरी. “दोन नंबरच्या पोराचं लगीन काढलंय.” यात कमीपणा काही नाही.

आणि त्याहून जास्त येतो तो माल. तासगावच्या बाजारात बेदाण्याचे सौदे होतात. मणी मोठा, रंग एकसारखा, डाग नाही तो एक नंबर माल. बारका, रंग चुकलेला, काळपट तो दोन नंबर. द्राक्षाला, हळदीला, गुळालाही हीच भाषा. बँकेत बदलून आलेले एक साहेब माझ्याकडं जेवायला असत. कर्जासाठी आलेला शेतकरी त्यांना सरळपणानं म्हणाला, “साहेब, औंदा पावसानं निम्मा माल दोन नंबर निघाला.” साहेबांनी पेन खाली ठेवलं. रात्री जेवताना मला म्हणाले, “इथले लोक तोंडावर सांगतात की माल दोन नंबरचा आहे!” मी त्यांना सांगितलं, त्या माणसानं नुकसान सांगितलं तुम्हाला. अवकाळी पाऊस झाला की मणी चिरतात, रंग जातो, भाव निम्म्यावर येतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याला परत बोलावून घेतलं.

म्हणून ‘दोन नंबर’च्या जोडीला कोणता शब्द आहे ते बघा. माल, मणी, हळद असेल तर प्रत. सून, पोरगा, भाऊ असेल तर क्रम. धंदा, पैसा, दारू असेल तरच ते दुसरं. लहान मुलांच्या शाळेत एक नंबर आणि दोन नंबर म्हणजे लघवीला आणि परसाकडं, सोबत बोट वर झालेलं असतं. बालवाडीत शिकवायला आला असाल तर हे पहिल्या दिवशीच लागेल.

याच घरातला एक आकडा म्हणजे चारसोबीस. फसव्या माणसाला म्हणतात, कारण जुन्या दंडविधानात फसवणुकीचं कलम ४२० होतं. १ जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता आली, तिथं फसवणूक ३१८व्या कलमात आहे. पण कुणी कुणाला तीनशे अठरा म्हणताना मी अजून ऐकलेलं नाही.

ऊस आणि नंबर

माझं माहेर वाळवा तालुक्यातलं. हंगामात घरी गेलं की दारातच पहिला प्रश्न, “आपला नंबर कधी हाय?” कराड, वाळवा, पलूस, कडेगाव या भागात तुम्ही नोकरीला असाल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून तीन-चार महिने ‘नंबर’चा हाच अर्थ सगळीकडं भरून राहतो. म्हणून थोडं सविस्तर सांगते.

ऊस लावला की त्याची नोंद कारखान्याच्या गट ऑफिसात करायची. कोणत्या तारखेला लागण झाली, कोणती जात, किती क्षेत्र. तोडीचा क्रम या नोंदीवरनं ठरतो. आधी आडसाली, म्हणजे जुलै-ऑगस्टची लागण, मग पूर्वहंगामी, मग ‘सुरू’ (ही त्यानंतरच्या लागणींची नावं) आणि खोडवा, म्हणजे तोडलेल्या बुडख्यातनं परत फुटलेला ऊस, असं साधारण चालतं. तुमची पाळी आली की चिटबॉय, म्हणजे कारखान्याचा माणूस, येऊन सांगतो, तोडणीची टोळी फडात उतरते. हा पहिला नंबर, तोडीचा.

दुसरा नंबर गाडीचा. भरलेली ट्रॉली कारखान्यावर गेली की लगेच रिकामी होत नाही. आधी गाडी नंबरला लावायची, मग काटा, म्हणजे वजन, मग गव्हाण, म्हणजे ऊस उतरवायची जागा. ड्रायव्हर “गाडी नंबरला हाय” म्हणाला की समजायचं, रात्र तिथंच जाणार. चहाची किटली, अंगावर घोंगडं, ट्रॉलीखाली झोप. अशा माणसाला सकाळी फोन करून “कुठं आहात, अजून आला नाहीत?” असं दरडावू नका.

नंबरसाठी एवढा जीव का टांगणीला, तर ऊस थांबत नाही. वेळेत तुटला नाही की तुरा येतो, आतनं पोकळ पडायला लागतो, वजन घटतं. तोडलेला ऊस तर तासातासाला वाळतो. मी नववीत होते तेव्हा आमच्या वडिलांचा नंबर डावलला गेला. मागच्या नोंदीचे दोन फड आधी तुटले. आण्णा रोज सायकलवरनं गट ऑफिसला जायचे, बाहेर बाकावर बसायचे, परत यायचे. कुणी “नंबर आला का?” म्हणून विचारलं तर नुसती मान हलवायचे. फडावर पांढरा तुरा आला होता, लांबनं बघायला देखणा दिसायचा. आई तिकडं बघायची नाही. त्या वर्षी माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न पुढं ढकललं.

म्हणून हंगामात कुणी शेतकरी तुम्हाला “नंबर लागला एकदाचा” म्हणाला तर ते नुसतं ऐकून सोडू नका. “बरं झालं” म्हणा, “टनेज कसं पडलं?” विचारा. त्याला बरं वाटतं.

उसाच्या जातींनाही आम्ही आकड्यांनीच ओळखतो. २६५, ८६०३२. गप्पांत एकदम आकडे यायला लागले तर ते फोन नंबर नसतात.

जमीन आणि गाडी

हे थोडक्यात. शेताच्या बोलण्यात नंबर म्हणजे गट नंबर किंवा जुना सर्व्हे नंबर. म्हातारी माणसं त्या अख्ख्या रानालाच नंबर म्हणतात, “त्या नंबरात हीर हाय” असं (हीर म्हणजे विहीर). प्लॉट किंवा जमीन घ्यायच्या विचारात असाल तर सांगणारा जुना सर्व्हे नंबर सांगतोय की आताचा गट नंबर, ते पहिल्यांदा विचारा. जमिनींच्या एकत्रीकरणात नंबर बदललेले आहेत आणि दोन्ही आकडे लोकांच्या तोंडात आहेत. सातबारा उतारा हातात घेऊन गट नंबर ताडून बघितल्याशिवाय पुढं जाऊ नका.

गाडीचं सोपं आहे. सांगली १०, सातारा ११, कराड ५०, कोल्हापूर ०९. “दहाची गाडी हाय, आपलीच” म्हणजे सांगलीची. परगावी कुठं पंक्चर होऊन थांबलात आणि ‘दहाची’ गाडी दिसली तर हात करा. थांबतात.

कुठं ‘नंबर’ म्हणायचं नाही

कॅनॉलच्या किंवा सामाईक विहिरीच्या पाण्याला आम्ही पाळी म्हणतो. “आज आमची पाळी आहे.” तिथं नंबर म्हटलं तर कळतं, पण परकं वाटतं. देवळातल्या दर्शनाची ती बारी. पंक्तीत कधी नंबर नसतो. लग्नात जेवायला गेलात आणि “माझा नंबर कधी?” विचारलंत तर यजमानाला वाईट वाटेल. तिथं ‘पहिली पंगत’, ‘दुसरी पंगत’ म्हणायचं.

मुलींकडं नंबर मागताना कामाचं कारण आधी सांगा. “ग्रुपवर घ्यायचंय, मोबाईल नंबर सांगता का?” असं पुरं वाक्य बोला. नुसतं “नंबर दे” म्हणाल तर त्याचा अर्थ इथंही तोच होतो जो तुमच्या गावात होतो.

आणि एक जागा अशी आहे की तिथं गप्प बसायचं. घरातलं म्हातारं माणूस शेजारच्या मयतीवरनं येतं, पाय धुतं, खुर्चीत टेकतं आणि म्हणतं, “आता आमचाच नंबर.” माझ्या सासूबाई म्हणायच्या. त्यावर विनोद करायचा नाही, आणि “असं काय बोलता” म्हणून झटकूनही टाकायचं नाही. मी पाण्याचा तांब्या द्यायची आणि जवळ बसायची. थोड्या वेळानं त्याच गेलेल्या बाईच्या आठवणी सांगायला लागायच्या.

पहिल्या आठवड्यात एवढं करा

पाच किलो गहू घ्या आणि डबा घेऊन जवळच्या गिरणीत जा. घरी दळायची गरज नसली तरी जा, पीठ मला आणून द्या. गिरणीत माणसं रांगेत उभी राहत नाहीत, डबे राहतात. जाताच विचारायचं, “शेवटचा डबा कुणाचा?” तो दाखवतील, त्याच्यामागं आपला ठेवायचा. डब्यावर नाव नसेल तर खडूनं घाला, सगळे स्टीलचे डबे सारखेच दिसतात. मग गिरणीवाल्याला सांगायचं, “दादा, नंबर लावलाय, अर्ध्या तासानं येतो.” तो मान हलवेल. एवढ्यावर तुम्ही बाजारात जाऊन भाजी घेऊन येऊ शकता, तुमचा डबा कुणी मागं सारत नाही.

परत आल्यावर कुणी म्हातारी बाई हातात छोटी पिशवी घेऊन उभी असेल आणि म्हणेल, “बाळा, किलोभरच हाय, तुझ्या नंबरात घालू का?” हो म्हणा.